‘करणारा कोण?’ हा प्रश्न इंग्रजीत कुठे अडतो : सब्जेक्ट आणि व्हर्ब ओळखण्याच्या रूढ पद्धतीची चिकित्सा

पुढील वाक्य मोठ्याने वाचा. ‘द क्वालिटी ऑफ द मँगोज वेअर नॉट गुड.’ वाक्यात चूक आहे काय? स्पर्धा परीक्षेच्या वर्गात हे वाक्य दिले, की बरेच विद्यार्थी ‘चूक नाही’ असे सांगतात. ‘मँगोज’ अनेकवचनी, म्हणून ‘वेअर’ बरोबर, असे त्यांचे म्हणणे. आता हेच मराठीत म्हणा : ‘आंब्यांचा दर्जा चांगला नव्हता.’ इथे ‘आंब्यांचा दर्जा चांगले नव्हते’ असे पाचवीतला मुलगाही म्हणणार नाही. म्हणजे ज्याला मराठीत ही चूक कधीच होत नाही, त्यालाच ती इंग्रजीत का होते? नियम पाठ नाहीत म्हणून होते, हे उत्तर नेहमी दिले जाते. ते उत्तर पुरेसे नाही. आपल्याला सब्जेक्ट शोधायला जी रीत शिकवली जाते तिच्यातच गडबड आहे, आणि या टिपणात तीच तपासायची आहे.

(इंग्रजी उदाहरणे देवनागरीत दिली आहेत. ती डोळ्यांनी न वाचता कानाने ऐकावीत, हाच हेतू.)

‘णारा’ लावून कर्ता शोधणे

मराठी व्याकरणाच्या मार्गदर्शकांत कर्ता शोधण्याची युक्ती ठरलेली आहे. क्रियापदाचा मूळ धातू घ्या, त्याला ‘णारा, णारी, णारे’ लावा आणि ‘कोण?’ असा प्रश्न विचारा. ‘रामाने आंबा खाल्ला.’ खाणारा कोण? राम. म्हणून राम हा कर्ता. युक्ती मराठीपुरती ठीक आहे. पण लक्षात घ्या, या वाक्यात क्रियापद रामाच्या मागे गेलेलेच नाही. ‘रामाने पोळी खाल्ली’, ‘रामाने आंबे खाल्ले’. राम तोच आहे, रूप मात्र पोळी आणि आंबे बदलतात. म्हणूनच आपल्या व्याकरणात कर्ता सापडल्यावर काम संपत नाही, पुढे ‘प्रयोग’ ओळखावा लागतो. कर्तरी, कर्मणी की भावे? कर्ता ही क्रियेतली भूमिका झाली. क्रियापद कोणाचे ऐकते हा दुसरा प्रश्न. मोरो केशव दामले यांच्या 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून आजच्या शालेय पुस्तकापर्यंत प्रयोगाचा विचार मराठी व्याकरणात महत्त्वाचा मानला गेला आहे, तो याचसाठी. पाणिनीय परंपरेतही कर्ता हे कारक आहे; कर्मणी वाक्यात तो तृतीयेत गेला तरी कर्ताच राहतो.

इंग्रजी शिकवताना मात्र आपण सरळ लिहून देतो : सब्जेक्ट म्हणजे कर्ता. इथून पुढची बरीच गडबड या एका समीकरणातून येते.

‘द टू थीव्ह्ज वेअर कॉट बाय अ कॉन्स्टेबल.’ पकडणारा कोण? कॉन्स्टेबल. कॉन्स्टेबल एकवचनी, म्हणून ‘वॉज’ हवे, असे उत्तर निघते आणि ते चुकीचे आहे. इथे पकडणारा कोणी असो, क्रियापद चोरांचे ऐकते. चोर दोन आहेत म्हणून ‘वेअर’. ‘इट इज रेनिंग’ या वाक्यात तर करणारा कोणीच नाही, तरी सब्जेक्टची जागा रिकामी ठेवता येत नाही म्हणून तिथे ‘इट’ बसवलेले आहे. आणि ‘मला दूध आवडते’ हे मार्गदर्शकांचे लाडके वाक्य पाहा. ‘आवडणारे काय? दूध’ असे करून आपण ‘दूध’ हा कर्ता ठरवतो. मग ‘आय लाइक मिल्क’ समोर आले, की ज्याने मराठीची रीत मनापासून पाठ केली आहे तोच विद्यार्थी गोंधळतो. त्याला दोष देता येत नाही.

‘कर्ता’ऐवजी दुसरी व्याख्याही चालते. रेन आणि मार्टिन यांच्या ‘हायस्कूल इंग्लिश ग्रामर अँड कॉम्पोझिशन’ या भारतभर वापरल्या जाणाऱ्या पुस्तकात सब्जेक्टची ओळख ‘ज्याच्याविषयी आपण बोलतो ते’ अशा आशयाची आहे. सोप्या वाक्यांना ती चालते. पण ‘द क्वालिटी ऑफ द मँगोज’ या वाक्यात आपण कशाविषयी बोलत आहोत? प्रामाणिक उत्तर द्या. आंब्यांविषयीच ना? म्हणजे ही व्याख्या नेमकी परीक्षेच्या सापळ्याकडे बोट दाखवते. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या क्वर्क आणि सहकाऱ्यांच्या मोठ्या इंग्रजी व्याकरणाने सब्जेक्ट ओळखताना अर्थाच्या जोडीला वाक्यातली जागा, क्रियापदाशी असलेला मेळ, प्रश्न करताना होणारी अदलाबदल अशा बाहेरून दिसणाऱ्या खुणांना महत्त्व दिले. त्या खुणा आपल्या वर्गात यायला हव्यात.

चूक नेमकी कुठून येते

मराठीत कोणत्याही नामाचे विशेषण, त्याचा मालक, त्याचे वर्णन हे सगळे त्याच्या आधी येते. ‘नाशिकच्या बाजारातल्या आंब्यांचा दर्जा’. यात मुख्य शब्द ‘दर्जा’ सर्वांत शेवटी, म्हणजे क्रियापदाच्या बाजूला. बाकी सगळ्यांना प्रत्यय लागलेले, सामान्यरूप झालेले : बाजारातल्या, आंब्यांचा. मराठी कान लहानपणापासून दोन गोष्टी शिकतो. क्रियापदाच्या बाजूचे नाम पाहायचे आणि ज्याला विभक्ती प्रत्यय नाही ते पाहायचे. ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘मला आंबा आवडतो’, दोन्हीकडे क्रियापद बिनप्रत्ययाच्या आंब्यामागे जाते. दोन्ही सवयी मराठीत एकाच शब्दाकडे नेतात.

इंग्रजीत क्रम उलटा होतो. मुख्य शब्द आधी येतो आणि शेपूट मागे : क्वालिटी, मग ऑफ द मँगोज, मग फ्रॉम द नाशिक मार्केट. क्रियापदाला चिकटून उभे असते ते शेपटाचे टोक. पहिली सवय इथे दगा देते. दुसरी सवय आपण वापरतच नाही, कारण इंग्रजी नामाला आपल्यासारखे विभक्ती प्रत्यय नाहीत असे आपण धरून चालतो. ‘ऑफ’, ‘इन’, ‘फ्रॉम’, ‘विथ’, ‘बाय’ हे नामाआधी उभे राहिलेले प्रत्ययच आहेत असे समजा. ‘ऑफ द मँगोज’ म्हणजे ‘आंब्यांचा’. ज्या नामाला प्रत्यय लागला, त्याच्याकडे क्रियापद बघत नाही. मराठी मुलाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. फक्त आठवण करून द्यावी लागते.

इतर भाषकांची स्थिती थोडी वेगळी आहे आणि एकच टिपण सर्वांना चालवताना ते विसरू नये. हिंदीभाषकाकडे ‘ने’ आहे, त्याला आपलेच उदाहरण जवळपास तसेच लागू पडते : ‘लड़की ने आम खाया’. बंगालीत क्रियापद वचनाप्रमाणे बदलतच नाही. आधुनिक मल्याळममध्ये ते लिंग, वचन, पुरुष यांपैकी कशानेच बदलत नाही. तिथल्या विद्यार्थ्याला मेळ ही कल्पनाच इंग्रजीतून नव्याने घ्यावी लागते. मराठीभाषकाला मेळ चांगला कळतो. त्याला फक्त कोणाशी मेळ घालायचा ते चुकीचे सांगितले गेले आहे.

वीस नियमांचे काय करायचे

कोणत्याही मार्गदर्शकातले मेळाचे प्रकरण उघडा. नियमांची लांबलचक यादी असते. ‘वन ऑफ’नंतर नाम अनेकवचनी, क्रियापद एकवचनी. ‘ईच ऑफ’, ‘नायदर ऑफ’ असल्यास एकवचनी. ‘अलाँग विथ’, ‘टुगेदर विथ’, ‘अ‍ॅज वेल अ‍ॅज’ असल्यास पहिल्या सब्जेक्टप्रमाणे. प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक, प्रत्येकाखाली दोन उदाहरणे. विद्यार्थी ते रात्री पाठ करतो आणि परीक्षेत ‘इन अ‍ॅडिशन टू’ आले, की यादीत नव्हते म्हणून अडतो.

पण हे नियम वेगवेगळे नाहीतच. मराठीत करून पाहा. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन सातारा’ : माझ्या मित्रांपैकी एक. ‘नायदर ऑफ द टू बॉईज’ : त्या दोन मुलांपैकी एकही नाही. ‘द कॅप्टन अलाँग विथ द प्लेअर्स हॅज लेफ्ट’ : खेळाडूंसह कर्णधार. ‘इन अ‍ॅडिशन टू’ : च्याशिवाय, च्याव्यतिरिक्त. ‘पैकी’, ‘सह’, ‘शिवाय’ ही शब्दयोगी अव्यये लागली की ते नाम मागे पडते, आणि जे मोकळे उरते तेच सब्जेक्ट. यादीतला मोठा भाग या एका गोष्टीत मावतो. अपवाद ‘अ‍ॅज वेल अ‍ॅज’चा वाटेल, कारण त्याचे भाषांतर ‘आणि’ असे करण्याची सवय आहे. ‘च्याबरोबर’ असे केले की तोही रांगेत येतो.

ज्या दोन ठिकाणी विद्यार्थी हमखास फसतात, तिथेही हीच रीत उपयोगी पडते. ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स इज स्मॉल’ आणि ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर अ‍ॅब्सेंट’. पहिल्याचे मराठी ‘विद्यार्थ्यांची संख्या’. मोकळे नाम संख्या. दुसऱ्याचे ‘बरेच विद्यार्थी’. मोकळे नाम विद्यार्थी. तसेच ‘हाफ ऑफ द मँगोज वेअर’ म्हणजे निम्मे आंबे, ‘हाफ ऑफ द मिल्क वॉज’ म्हणजे निम्मे दूध. दुसरे ठिकाण : ‘ही इज वन ऑफ द बॉईज हू कम लेट.’ इथे ‘कम’ की ‘कम्स’? उशिरा येणाऱ्या मुलांपैकी तो एक. ‘येणाऱ्या’ हा शब्द मुलांना लागला आहे, त्या ‘एका’ला नाही. म्हणून परीक्षेत ‘कम’ अपेक्षित असते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. भाषांतर करायचे ते नामाच्या गटाचे, सबंध वाक्याचे नाही. ‘आय हॅव अ फीव्हर’चे पूर्ण मराठी ‘मला ताप आहे’ केले, तर मोकळे नाम ‘ताप’ होऊन तुम्ही पुन्हा चुकाल. क्रियापदाआधी जेवढे शब्द आहेत तेवढेच मराठीत आणा आणि तिथे थांबा.

खरे वेगळे नियम थोडेच उरतात. ‘आयदर–ऑर’ आणि ‘नायदर–नॉर’ यांत क्रियापद जवळच्या नामाचे ऐकते : ‘नायदर द प्रिन्सिपल नॉर द टीचर्स वेअर प्रेझेंट’. रक्कम, अंतर, कालावधी एकच गोष्ट म्हणून घेतल्यास एकवचन : ‘फाइव्ह हंड्रेड रुपीज इज अ लार्ज सम’, मराठीतही ‘पाचशे रुपये ही मोठी रक्कम आहे’ असेच आपण म्हणतो. ‘न्यूज’, ‘फर्निचर’, ‘पोलिस’ वगैरे शब्दांचे वचन हा शब्दकोशाचा विषय आहे, सब्जेक्ट ओळखण्याचा नाही. तो या प्रकरणात कोंबण्याचे कारण नव्हते.

आधी व्हर्ब

आतापर्यंत क्रियापद सापडलेच आहे असे आपण धरले. प्रत्यक्षात परीक्षेतल्या लांब वाक्यात तेच आधी शोधावे लागते. ‘व्हर्ब म्हणजे क्रिया दाखवणारा शब्द’ ही इंग्रजी वर्गातली व्याख्या इथे कुचकामी ठरते. ‘स्विमिंग इज गुड फॉर हेल्थ’ यात क्रिया कोणती दिसते? पोहणे. पण व्हर्ब ‘इज’ आहे. ‘द बॉय सिटिंग बाय द विंडो इज माय ब्रदर’ यात ‘सिटिंग’ला गोल करणारे विद्यार्थी कमी नाहीत.

गंमत अशी, की मराठी व्याकरणाची व्याख्या याहून चांगली आहे. क्रिया दाखवून वाक्याचा अर्थ पूर्ण करणारा शब्द तो क्रियापद, असे आपण शाळेत शिकतो. ‘खिडकीजवळ बसलेला मुलगा’ इथे वाक्य पूर्ण झाले का? नाही. म्हणून ‘बसलेला’ हे क्रियापद नाही, धातुसाधित आहे. ‘पोहणे’ हेही धातुसाधितच. ‘सिटिंग’, ‘स्विमिंग’, ‘टू स्विम’ यांना हीच कसोटी लावली की ते बाजूला होतात. व्याख्येचा हा उत्तरार्ध इंग्रजीच्या तासाला कोठे हरवतो, कोण जाणे.

दुसरी, जास्त झटपट कसोटी काळाची. वाक्याच्या आधी ‘काल’ किंवा ‘उद्या’ जोडून पाहा. जो शब्द बदलतो तो व्हर्ब. ‘द बॉय सिटिंग बाय द विंडो वॉज माय पार्टनर’, ‘विल बी माय पार्टनर’. ‘सिटिंग’ जागचे हलले नाही. सहायक क्रियापदे असतील तर बदल पहिल्यातच होतो, आणि सब्जेक्टशी मेळही तिथेच : ‘हॅज बीन रीडिंग’, ‘हॅव बीन रीडिंग’. यातूनच ‘डझ ही गोज?’ ही नेहमीची चूकही समजते. एकवचनाची खूण एकदाच लागते, आणि ती आधीच ‘डझ’वर गेली आहे.

‘हेल्ड’, ‘बिल्ट’ अशा रूपांनी ही कसोटी फसते, कारण भूतकाळ आणि धातुसाधित दोन्ही दिसायला सारखीच. तिथे ज्या क्रियापदाची दोन रूपे वेगळी आहेत ते ठेवून बघा. ‘द एक्झामिनेशन्स हेल्ड इन मार्च’ या ठिकाणी ‘टूक’ बसेल की ‘टेकन’? ‘टेकन’. म्हणजे ‘हेल्ड’ हे इथे व्हर्ब नाही.

एक पूर्ण वाक्य

‘द लिस्ट ऑफ कँडिडेट्स हू अपिअर्ड फॉर द एक्झामिनेशन्स हेल्ड इन मार्च हॅव बीन पब्लिश्ड.’

क्रियापदासारखे शब्द तीन : ‘अपिअर्ड’, ‘हेल्ड’, ‘हॅव बीन पब्लिश्ड’. ‘हेल्ड’ आताच गळाले. ‘अपिअर्ड’ हे ‘हू’चे आहे. ‘हू’, ‘विच’, ‘दॅट’ असा जोडणारा शब्द आला, की तो एक क्रियापद स्वतःसाठी घेतो. ते मुख्य वाक्याला मिळत नाही. उरले ‘हॅव’. आता त्याच्या आधीचा गट मराठीत आणा : मार्चमध्ये झालेल्या परीक्षांना बसलेल्या उमेदवारांची यादी. मोकळे नाम यादी, एकवचनी. म्हणून ‘हॅज बीन पब्लिश्ड’. दोन अनेकवचनी शब्द आणि एक ‘मार्च’ मध्ये उभे करून प्रश्नकर्त्याने ‘लिस्ट’ दूर लोटली होती. मराठीत ती आपोआप शेवटी, क्रियापदाच्या शेजारी येऊन बसली.

ताळा करायचा असेल तर वाक्याचा प्रश्न करा. सहायक क्रियापद उचलून पुढे नेले, की ते ज्याला ओलांडून जाते तो संपूर्ण सब्जेक्ट. ‘इज द बॉय सिटिंग बाय द विंडो युअर ब्रदर?’ इथे ‘इज’ने ‘बॉय’पासून ‘विंडो’पर्यंत सगळे ओलांडले. तो सगळा गट सब्जेक्ट. त्यातला मेळ ठरवणारा शब्द ‘बॉय’. वर्गात ‘सब्जेक्ट अधोरेखित करा’ असा प्रश्न येतो तेव्हा गट हवा की एक शब्द, हे प्रश्नपत्रिका अनेकदा सांगत नाही आणि उत्तरसूचीत कधी हे, कधी ते असते. अशा प्रश्नाने मूल्यमापन कशाचे होते, हे शिक्षकांनी स्वतःला विचारावे.

प्रश्न करण्याची कसोटी एका ठिकाणी मात्र चकवते. ‘देअर आर टू बुक्स ऑन द टेबल.’ प्रश्न केला तर ‘आर देअर टू बुक्स’, म्हणजे ओलांडले ते ‘देअर’. पण ‘आर’ ठरले ते ‘टू बुक्स’वरून. दोन खुणा दोन दिशांना जातात, आणि व्याकरणकारही त्याचे वर्णन एकाच पद्धतीने करत नाहीत. तुमच्या कामापुरते बघायचे तर ‘देअर’नंतरच्या नामाशी मेळ घाला. ‘ऑन द हिल स्टँड्स अ टेंपल’ यातही तसेच : ‘हिल’ला ‘ऑन’ लागला आहे, टेकडीवर, मोकळे नाम देऊळ.

हे सगळे परीक्षेत करायला वेळ कुठे आहे, हा आक्षेप रास्त आहे. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीस्तर परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात 100 प्रश्नांना 60 मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी 36 सेकंद मिळतात. बरोबर उत्तराला 2 गुण, चुकल्यास 0.50 वजा. इतक्या वेळात वीस नियमांची उजळणी होत नाही. नामाचा एक गट मनात मराठीत म्हणून पाहायला मात्र चार-पाच सेकंद पुरतात, कारण ते काम तुम्ही रोज करता. सुरुवातीला लिहून करा. आठवडाभराने कागद लागणार नाही.

स्वाध्याय

पुढील वाक्यांत क्रियापदाआधीचा गट मराठीत आणा, मोकळे नाम शोधा आणि कंसातील योग्य रूप निवडा.

‘द कलर ऑफ द वॉल्स इन बोथ द रूम्स (हॅज, हॅव) फेडेड.’

‘द मिनिस्टर, टुगेदर विथ हिज सेक्रेटरीज, (इज, आर) व्हिजिटिंग पंढरपूर.’

‘अ नंबर ऑफ लेटर्स रिटन बाय द कलेक्टर (वॉज, वेअर) फाउंड.’ इथे ‘रिटन’ व्हर्ब का नाही, तेही सांगा.

‘व्हॉट द व्हिलेजर्स नीड (इज, आर) वॉटर.’ या वाक्यात मोकळे नाम सापडणार नाही. ‘गावकऱ्यांना जे हवे आहे ते’ या गटातला शेवटचा शब्द पाहा आणि त्याचे वचन ठरवा.